देवाचे निरोप्ये

चेन्नईच्या जॉर्ज टाउन भागात, उच्च न्यायालयापासून फार लांब नसलेल्या एका अरुंद आणि सदा गजबजलेल्या रस्त्याला आर्मेनियन स्ट्रीट असे नाव आहे. जुन्या मद्रासेत आर्मेनियन व्यापाऱ्यांचे मोठे प्रस्थ होते आणि त्यांचे प्राचीन चर्च आजही या रस्त्यावर उभे आहे. पण 'आर्मेनियन' हा शब्द तमिळ जिभेवर घोळता घोळता 'अरण्मनैक्कारन' असा झाला, आणि आर्मेनियनांच्या रस्त्याचा अर्थ 'राजवाड्यातल्या माणसाचा रस्ता' असा होऊन बसला. निरोप तोंडोतोंडी गेला म्हणजे त्याचे काय होते, याचा हा एक निरुपद्रवी मासला म्हणावयाचा.

याच रस्त्यावर कॅथलिक पंथीयांचे एक जुने मंदिर आहे. कापुचिन संघाचे फ्रेंच धर्मगुरू फादर एफ्रेम द नेव्हर्स हे १६४२ मध्ये मद्रासेत आले आणि त्यांच्या मिशनची ही वास्तू १६५८ पासूनची, असे परंपरा सांगते. १९५२ मध्ये मद्रास आणि मैलापूर हे दोन धर्मप्रांत एकत्र झाले, सांतोमचे चर्च मुख्य ठरले आणि आर्मेनियन स्ट्रीटचे हे मंदिर सहमुख्य झाले. मंगळवारी येथे पाय ठेवावयास जागा नसते. पण ती गर्दी संत अँटनीच्या दर्शनासाठी लोटलेली असते, आणि तीत ख्रिस्ती नसलेलीही पुष्कळ माणसे असतात. हरवलेली वस्तू, रखडलेले लग्न, न मिळणारी नोकरी, अशी गाऱ्हाणी घेऊन ती येतात. या गर्दीतल्या फार थोड्यांच्या ध्यानात येत असेल की, हे मंदिर मुळात अँटनीचे नव्हे. ते 'देवदूतांच्या मरियामातेचे' आहे. कापुचिन हे असिसीच्या संत फ्रान्सिसचे अनुयायी, आणि फ्रान्सिसने ज्या इवल्याशा देवळातून आपल्या संघाचा प्रारंभ केला, त्या देवळाचे नाव हेच होते. इटलीतल्या एका खेड्याजवळचे ते नाव बंगालच्या उपसागराच्या काठी येऊन रुजले.

देवदूत हा शब्द मराठीत आपण फार सैलपणे वापरतो. बुडत्याला हात देणारा देवदूत, अपघातात धावून येणारा देवदूत, गोरेगोमटे मूल म्हणजे देवदूत. चित्रांतून तर त्याला पंख फुटलेले असतात आणि हातात वीणेसारखे वाद्य असते. पण शब्दाची फोड केली तर उरते एवढेच: देवाचा दूत. हिब्रू भाषेतला मूळ शब्द 'मलाख' आणि ग्रीक भाषेतला 'अँजेलॉस', दोहोंचाही अर्थ निरोप्या. राजाने धाडलेला साधा हरकाऱ्यासुद्धा त्या भाषांत याच शब्दाने ओळखला जाई. याच ग्रीक धातूपासून 'शुभवर्तमान' या अर्थाचा शब्द झाला, ज्याला मराठी ख्रिस्ती बांधव 'सुवार्ता' असे सुरेख नाव देतात. म्हणजे दूत आणि वार्ता ही एकाच घरची भावंडे. चौथ्या-पाचव्या शतकांतल्या संत ऑगस्टीनने एक मार्मिक भेद केला होता आणि १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथानेही तो उचलला आहे: 'दूत' हे त्यांच्या स्वभावाचे नाव नव्हे, ते त्यांच्या कामाचे नाव आहे. स्वभावाने ते देहरहित चैतन्य आहेत, कामाने दूत. सरकारी भाषेत बोलावयाचे तर हे हुद्द्याचे नाव आहे, व्यक्तीचे नव्हे.

या हुद्द्यातही श्रेणी मानल्या आहेत. सहाव्या शतकाच्या अखेरीस संत ग्रेगरी या पोपने सांगितले की, लहानसहान निरोप आणतात ते देवदूत आणि परमश्रेष्ठ वार्ता आणतात ते महादूत. मराठी बायबलात महादूताला 'आद्यदेवदूत' असा शब्द आहे. मौज अशी की, बायबलात ही पदवी नाव घेऊन फक्त मीखाएलला दिलेली आढळते. गब्रीएल आणि रफाएल यांना ती परंपरेने दिली. तिघांच्या नावांचा शेवट 'एल' असा होतो, आणि 'एल' म्हणजे ईश्वर. मीखाएल म्हणजे 'ईश्वरासारखा कोण आहे?', गब्रीएल म्हणजे 'ईश्वराचे सामर्थ्य', रफाएल म्हणजे 'ईश्वर बरे करतो'. तिन्ही नावांत स्वतःविषयी एक अक्षर नाही. निरोप्याच्या नावातसुद्धा धन्याचाच उल्लेख असावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

ही तीनच नावे का? लोकांच्या भक्तीला आवर नसतो. मध्ययुगात युरोपात देवदूतांची नवनवी नावे निघू लागली आणि त्या नावांनी आळवणी होऊ लागली. ७४५ मध्ये पोप झकारियाच्या अध्यक्षतेखाली रोममध्ये भरलेल्या धर्मसभेने अशी नावे घालून रचलेली एक प्रार्थना निषिद्ध ठरवली. अलीकडे, २००१ मध्ये, लोकभक्तीविषयीच्या मार्गदर्शिकेत रोमने पुन्हा बजावले की, बायबलात आलेल्या या तीन नावांखेरीज देवदूतांना नावे देऊ नयेत. बाराशे वर्षांच्या अंतराने तोच हुकूम पुन्हा काढावा लागतो, यावरून हुकूम पाळला कसा जात असेल याची कल्पना येते. पण त्यामागची दृष्टी स्पष्ट आहे. निरोप्याचे कौतुक वाढत वाढत निरोपावर सावली पडू नये, एवढीच ती काळजी.

चेन्नईच्या जुन्या तमिळ कॅथलिकांनी देवदूताला 'सम्मनसु' असा गोड शब्द घडवला. मराठी कानाला त्यात 'सुमनस्' ऐकू यावा असा. मुलींचे नावही सम्मनसु असे ठेवतात. महादूताला ते 'अतिदूतर' म्हणतात. सांतोमच्या मुलींच्या शाळेला रफाएलचे नाव आहे, ब्रॉडवेवरच्या शाळेला गब्रीएलचे आणि अड्यारच्या विद्यालयाला मीखाएलचे. तेथे शिकलेली मुले जन्मभर ती नावे घेतात आणि त्यांचा अर्थ बहुधा कधी विचारीत नाहीत. पण या शहरातल्या कॅथलिकांच्या भाषेत सर्वांत सुंदर शब्द आहे तो मरियेच्या प्रार्थनेचा. जिला इंग्रजीत 'हेल मेरी' म्हणतात, तिला जुन्या तमिळ प्रार्थनापुस्तकांत 'मंगळ वार्त्तै' असे नाव आहे. मंगलवार्ता! आणि दिवसातून तीन वेळा, पहाटे, माध्यान्ही आणि सायंकाळी, चर्चची घंटा वाजली म्हणजे जी प्रार्थना म्हणावयाची, तिचे नाव 'त्रिकाल जेबम्'. त्रिकाळ संध्या ज्याच्या घरात चालत आलेली आहे, त्या मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

या त्रिकाळ प्रार्थनेत असते काय? एका निरोपाची कथा. गालीलातल्या नासरेथ गावी मरिया नावाच्या वाग्दत्त कुमारिकेकडे गब्रीएल येतो, तिला अभिवादन करतो आणि तिच्या उदरी ईश्वरपुत्र जन्म घेईल असे सांगतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात ही कथा आली आहे. फादर स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'त, १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापलेल्या त्या मराठी ग्रंथात, ती ओवीच्या चालीवर मराठी कानांवर पडली. मंगलवार्तेच्या प्रार्थनेचा पूर्वार्ध म्हणजे गब्रीएलचे अभिवादन आणि मरियेची नातलग अलीशिबा हिने उच्चारलेला आशीर्वाद. उत्तरार्धातली विनवणी मागाहून जोडली गेली आणि १५६८ च्या प्रार्थनाग्रंथात तिला आजचे रूप मिळाले. जपमाळेची एक आवृत्ती पुरी करणारा कॅथलिक माणूस हे अभिवादन त्रेपन्न वेळा म्हणतो. याचा अर्थ असा की, निरोप्याने एकदा उच्चारलेले शब्द भक्ताने आपल्या तोंडी घेतले. प्रार्थना म्हणजे माणसाचे देवाशी बोलणे अशी आपली समजूत. येथे माणूस देवाकडून आलेल्या दूताचेच शब्द उलट पाठवीत असतो.

या कथेचा मर्मबिंदू मात्र अभिवादनात नाही. तो त्यानंतरच्या थांबण्यात आहे. मरिया गोंधळते. हे कसे व्हावे, असे ती विचारते. दूत खुलासा करतो. आणि मग तिच्या होकाराची वाट पाहतो. बाराव्या शतकातला संत बर्नार्ड याने या क्षणावर प्रवचने केली. त्यांत दूत ताटकळत उभा आहे आणि सारी सृष्टी श्वास रोखून एका मुलीच्या तोंडाकडे पाहते आहे, असे चित्र त्याने उभे केले. होकार मिळाल्यावर लूक एवढेच लिहितो की, दूत निघून गेला. काम झाले, निरोप्याला तेथे रेंगाळण्याचे कारण उरले नाही.

मराठी श्रोत्याला दूतांचे नवल नाही. रामाची अंगठी घेऊन लंकेत जाणारा हनुमान त्याच्या अंतःकरणात घर करून आहे. दूत अवध्य असतो, ही नीती बिभीषणाने भर दरबारात रावणाला सांगितली होती. पण गब्रीएलच्या कथेशी खरे नाते सांगते ती नलाची कथा. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चार देव दमयंतीचा अभिलाष धरतात आणि तिच्याकडे दूत म्हणून धाडतात कोणाला, तर प्रत्यक्ष नलाला! स्वतःच्या प्रेमावर पाणी सोडून नल देवांचा निरोप इमानाने सांगतो. एक शब्द पदरचा घालीत नाही, एक गाळीत नाही. आणि दमयंती देवांना नकार देते. देवांचा निरोप आला म्हणून माणसाने मान तुकवलीच पाहिजे असे नाही, ही केवढी धीट कल्पना वनपर्वात आली आहे! नासरेथच्या कुमारिकेने होकार दिला आणि विदर्भाच्या राजकन्येने नकार; तरी दोघींच्या कथांत एक गोष्ट समान आहे. दूताने विचारले, ओढून नेले नाही. कॅथलिक चिंतक याच गोष्टीवर भर देतात. सर्वशक्तिमान ईश्वराला दूताची गरज काय, हा प्रश्न शाळकरी पोरही विचारते, आणि त्याचे उत्तर कदाचित येथे असावे. साक्षात ईश्वर समोर उभा राहिला तर 'नाही' कोण म्हणेल? दूत आला म्हणजे ऐकणाऱ्याला विचार करावयास अवसर राहतो.

मात्र अवसर राहतो म्हणून प्रत्येक शंका सारखी, असेही नव्हे. त्याच अध्यायात याच गब्रीएलने वृद्ध याजक जखऱ्याला पुत्रजन्माची वार्ता दिली आहे. जखऱ्याने खूण मागितली आणि मूल जन्मेपर्यंत त्याची वाचा गेली. मरियेने विचारले तर खुलासा, जखऱ्याने विचारले तर शिक्षा, हा भेद वरकरणी अन्यायाचा वाटतो. भाष्यकार सांगतात की, जखऱ्याचा प्रश्न अविश्वासाचा होता आणि मरियेचा समजून घेण्याचा. हे उत्तर सर्वांचे समाधान करील असे नाही. पण देवळात, धूप जाळण्याच्या घटकेला, आयुष्यभर ज्याची प्रार्थना केली तेच मिळत आहे असे ऐकून विश्वास न बसणारा तो म्हातारा याजक कुणालाही ओळखीचा वाटावा इतका मनुष्य आहे.

आता चेन्नईच्या दक्षिणेस, विमानतळाजवळच्या टेकडीकडे वळले पाहिजे. तमिळ लोक तिला परंगिमलै म्हणतात, म्हणजे फिरंग्यांचा डोंगर. इंग्रजांनी तिला सेंट थॉमस माउंट म्हटले. येशूचा शिष्य थॉमस याने येथे देह ठेवला अशी श्रद्धा आहे. वर चढण्याच्या पायऱ्या पेत्रुस उस्कान या आर्मेनियन व्यापाऱ्याने अठराव्या शतकात बांधवल्या. १५४७ मध्ये पोर्तुगीजांना येथे खणताना पहलवी अक्षरे कोरलेला एक दगडी क्रूस सापडला आणि तो वेदीवर बसवला गेला. तो क्रूस १८ डिसेंबर १५५८ या दिवशी, मिस्सा चालू असता, ओलावला आणि त्यातून रक्तासारखे थेंब पाझरले अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेची शहानिशा करण्याचे हे स्थळ नव्हे. पण ती तारीख महत्त्वाची आहे. कारण हे चर्च 'प्रतीक्षेतल्या मरियामाते'चे आहे आणि तिचा सण १८ डिसेंबरलाच येतो.

ही तारीख कोठून आली? गब्रीएलच्या निरोपाचा सण २५ मार्चला, नाताळच्या बरोबर नऊ महिने आधी, येतो. पण मार्च महिना बहुधा उपासकाळात सापडतो आणि उपासाच्या दिवसांत उत्सव शोभत नाही. म्हणून ६५६ मध्ये स्पेनमधील तोलेदो येथील धर्मसभेने हा निरोपाचा सण नाताळच्या आठ दिवस आधी, १८ डिसेंबरला, साजरा करावा असे ठरवले. पुढे मूळ तारीखही परत आली. तेव्हा डिसेंबरच्या सणाला प्रसूतीच्या प्रतीक्षेचा अर्थ चिकटला. स्पेन-पोर्तुगालचा तो सण पोर्तुगीज दर्यावर्दी लोकांबरोबर मैलापुरास आला. म्हणजे परंगिमलैवर आज जी यात्रा भरते, तिच्या मुळाशी गब्रीएलने आणलेला निरोप आहे. निरोप मार्चमध्ये पोचला. डिसेंबरात त्याचे फळ पोटात घेऊन एक बाई दिवस मोजते आहे. पहिलटकरणीच्या ओटीभरणाचे कौतुक ज्या समाजात आहे त्याला या सणाचा भाव कळावयास वेळ लागू नये. ५ फेब्रुवारी १९८६ रोजी पोप दुसरे जॉन पॉल या शहरात आले होते. त्याच वर्षी उन्हाळ्यात त्यांनी रोममध्ये देवदूतांवर प्रवचनांची एक मालिकाच गुंफली.

आतापर्यंत वरून खाली येणाऱ्या निरोपांविषयी सांगितले. पण देवदूतांची वाट दुहेरी आहे. याकोबाला स्वप्नात जी शिडी दिसली, तीवर देवदूत चढत होते आणि उतरत होते. चढण्याचा उल्लेख तेथे आधी आहे. खालची प्रार्थना वर नेणे हे त्यांचे दुसरे काम, आणि येथे रफाएल पुढे येतो. टोबीटच्या ग्रंथात एक आंधळा झालेला, नेकीचा वृद्ध गृहस्थ आणि दूरदेशी दुःखाने पिचलेली सारा नावाची मुलगी एकाच वेळी मरण मागतात. दोघांची प्रार्थना रफाएल देवापुढे नेतो. उत्तर म्हणून तो स्वतःच खाली उतरतो. पण पंख पसरून नव्हे, तर टोबीटच्या मुलाला वाट दाखवणारा एक भाडोत्री सोबती होऊन. रोजंदारी ठरते, कुत्रा बरोबर निघतो, नदीकाठी मासा पकडला जातो, उधार दिलेले द्रव्य वसूल होते, लग्न जुळते, म्हाताऱ्याला दृष्टी येते. मजुरी चुकती करावयाची वेळ आली तेव्हा कोठे तो आपण कोण ते सांगतो. बायबलातल्या सगळ्या देवदूतकथांत ही सर्वांत घरगुती. प्रॉटेस्टंट पंथ हा ग्रंथ प्रमाण मानीत नाहीत. त्यामुळे रफाएल हा खास कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स भाविकांचा सोयरा राहिला. आजारी माणसे आणि प्रवासी त्याची आळवणी करतात. चेन्नईसारख्या शहरात, जेथे दूरदूरच्या राज्यांतून आणि परदेशांतूनही रोगी उपचारासाठी येतात, त्याला काम कमी नसावे.

प्रॉटेस्टंटांचा आक्षेप येथेच असतो: देव आणि भक्त यांच्यामध्ये मध्यस्थ हवाच कशाला? आक्षेपात वजन आहे. दारावरच्या चोपदाराला खूश केल्यावाचून दिवाणखान्यात प्रवेश नाही, अशी समजूत झाली म्हणजे भक्तीचा दरबार होतो. आणि दरबारात काय चालते ते या देशात सर्वांना ठाऊक आहे. कॅथलिक मंडळी उत्तर देतात की, ईश्वराची उपासना वेगळी आणि संतांचा वा दूतांचा आदर वेगळा. ७८७ च्या निकेआच्या धर्मसभेपासून हा भेद शब्दांनी पक्का केलेला आहे. दूताला विनवावयाचे ते 'आमच्यासाठी प्रार्थना कर' एवढेच. शेजाऱ्याला सांगावे तसे. मिस्सेच्या प्राचीन रोमन प्रार्थनेतही, हे अर्पण तुझ्या दूताच्या हातून वरच्या वेदीवर जावो, असे मागणे ईश्वराकडेच केलेले आहे, दूताकडे नव्हे. तत्त्व म्हणून हे निर्मळ आहे. मंगळवारच्या गर्दीत मेणबत्ती लावणाऱ्या प्रत्येकाला ते उमगलेले असते असा दावा कोणी करणार नाही, आणि धर्मगुरूही करीत नाहीत.

मीखाएल या मालिकेत थोडा निराळा पडतो. तो मुख्यतः योद्धा; प्रकटीकरणाच्या ग्रंथात तो सैतानाशी लढतो. गडकोटांच्या आणि तलवारींच्या प्रदेशात त्याची लोकप्रियता मोठी असावी हे ओघानेच आले. मुंबईत माहीमचे मीखाएलाचे चर्च पोर्तुगीज अमलातले. सोळाव्या शतकात त्याचा पाया पडला. मात्र आर्मेनियन स्ट्रीटसारखाच प्रकार तेथेही आहे: देऊळ मीखाएलाचे आणि १९४८ पासून बुधवारची अफाट गर्दी मरियेच्या नोव्हेनाची. वसईत माणिकपूरला त्याचे मंदिर आहे, गोव्यात हणजुण्याला आहे, आणि ताळगावला आहे. ताळगावात ऑगस्टमध्ये नव्या भाताच्या कणसांचा सण याच योद्ध्याच्या मंदिराशी निगडित आहे, हा शेतकऱ्यांनी तलवारीला दिलेला सुंदर जबाब. १८८६ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी मिस्सेनंतर मीखाएलाची एक प्रार्थना सर्वत्र म्हणावयास लावली. १९६४ च्या सुधारणेत ती गळली. तरी ती पुष्कळांच्या ओठांवर आहे. १९६९ पर्यंत तिघांचे सण निरनिराळे होते. आता २९ सप्टेंबर हा एकच दिवस तिघांचा मिळून आहे.

भारताच्या किनाऱ्याशी महादूतांची पहिली मोठी गाठ पडली ती लाकडी देहाने, असे थट्टेने म्हणता येईल. १४९७ मध्ये लिस्बनहून निघालेल्या वास्को द गामाच्या मुख्य गलबताचे नाव 'सांव गाब्रिएल' आणि त्याच्या भावाच्या गलबताचे 'सांव राफाएल' होते. निरोप आणि आरोग्य यांची नावे घेऊन आलेल्या त्या ताफ्यामागून तोफाही आल्या. 'सांव राफाएल' तर परतीच्या वाटेवर, खलाशी कमी पडल्यामुळे, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ जाळून टाकावे लागले.

गब्रीएलला आधुनिक काळात एक नवी नेमणूक मिळाली. १२ जानेवारी १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी त्याला दूरसंदेशवहनाचा, म्हणजे तार, दूरध्वनी, रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांचा, आश्रयदाता जाहीर केले. आपल्याकडे नभोवाणीच्या आरंभीच्या हौशी क्लबांपैकी एक १९२४ मध्ये मद्रासेत निघाला होता. आणि 'आकाशवाणी' हे नाव ज्याने प्रथम सुचवले त्याला दूताचे काम कळले होते यात शंका नाही. ही नेमणूक कोणाला कौतुकाची वाटेल, कोणाला हसू येईल. पण निरोप पोचणे न पोचणे यावर काय अवलंबून असते हे याच शहराच्या किनाऱ्याने भोगले आहे.

२६ डिसेंबर २००४, नाताळचा दुसरा दिवस, रविवार. भारतीय वेळेप्रमाणे सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ समुद्रतळ हादरला. लाट चेन्नईला पोचावयास त्यानंतर दोन तासांहून अधिक अवधी होता. दूरच्या वेधशाळांच्या यंत्रांनी भूकंपाची नोंद केलेली होती. परंतु हिंदी महासागराभोवतीच्या देशांना सावध करणारी यंत्रणाच नव्हती. मरीनावर सकाळचे फिरणारे होते, वाळूत क्रिकेट खेळणारी मुले होती, सांतोमच्या आसपासच्या कुप्पमांतून हिंदू आणि ख्रिस्ती कोळ्यांची घरे पाण्यापासून काही पावलांवर होती. निरोप कोणी आणला नाही. शहराच्या दक्षिणेस, वेलांकण्णीला, नाताळच्या यात्रेला आलेले भाविक वाळवंटावर लाटेने ओढून नेले. आठच दिवसांपूर्वी परंगिमलैवर प्रतीक्षेचा सण झाला होता. सांतोमच्या चर्चला पाणी लागले नाही. थॉमसने रोवलेल्या खांबापुढे समुद्र येणार नाही या जुन्या दंतकथेची आठवण लोकांनी काढली. काहींचे त्याने समाधान झाले असेल. पण ज्या आईचे मूल वाळूतून परत आले नाही, तिच्यापुढे ती दंतकथा सांगण्यास धीर हवा.

तेव्हा देवदूत कोठे होते, हा प्रश्न चर्चच्या दारातच विचारला गेला, आणि तो विचारण्याचा अधिकार भाविकालाच अधिक. कॅथलिक श्रद्धेने असे वचन कधी दिलेले नाही की, प्रत्येक संकटाची आगाऊ वर्दी दूत देईल. बायबलात दूत थोड्या वेळा येतात आणि पुष्कळ वेळा येत नाहीत. हेरोदाने बेथलेहेमची बालके मारली तेव्हा योसेफाला स्वप्नात सूचना मिळाली. इतर बापांना मिळाल्याचे शुभवर्तमानकार लिहीत नाही. तेथेच रामा गावी ऐकू आलेल्या राहेलीच्या आक्रोशाचे जुने वचन त्याने उद्धृत केले आहे आणि त्या आक्रोशाचे उत्तर देण्याचा प्रयत्न केलेला नाही. चांगले धर्मगुरूही अशा वेळी बोलत नाहीत. भाकरी-भात वाटतात, प्रेते पुरतात, नावे लिहून घेतात.

पुढे २००७ मध्ये हैदराबादेस त्सुनामीची पूर्वसूचना देणारे केंद्र सुरू झाले. समुद्राच्या तळाशी दाबमापक बसले, किनाऱ्यावर भरती मोजणारी उपकरणे आली. ११ एप्रिल २०१२ च्या दुपारी सुमात्राजवळ पुन्हा प्रचंड भूकंप झाला, तेव्हा काही मिनिटांत सूचना निघाली आणि चेन्नईच्या किनाऱ्यावरून माणसे माघारी फिरली. लाट त्या दिवशी मोठी आली नाही.

आर्मेनियन स्ट्रीटवर माध्यान्हीची घंटा तीन-तीनच्या तीन ठोक्यांनी वाजते. प्रत्येक तिनानंतर थोडी उसंत असते, आणि त्या उसंतीत एक मंगलवार्ता म्हणावयाची असते. मग सलग नऊ ठोके पडतात. बाहेर हातगाड्या, कागदाच्या घाऊक दुकानांतले हमाल आणि उच्च न्यायालयाकडे निघालेले वकील यांची वर्दळ थांबत नाही. आत चार-दोन माणसे उभी राहतात. त्यांत कोणी पोस्टाच्या पिशवीसह आलेला असला तर तीही तो खाली ठेवतो, आणि प्रार्थना संपली की उचलून पुढच्या पत्त्यावर निघतो.